सत्तेचाळिसावं पान

मुसफ्फा, अबू धाबी
१२ जानेवारी २०२५

श्री. भिकाजी सोनू भुवड यांस,

नमस्कार लिहिलेला नाही, तो विसरून नव्हे.

मी तन्मय बाबाजी गोताड, खालची वाडी. तुम्ही गाव सोडून इकडे आलात तेव्हा मी तीन वर्षांचा होतो, तेव्हा तोंडओळख असण्याचं कारण नाही. इथे एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये मार्किंगचं काम करतो. पत्रा कापण्याआधी त्यावर रेघ ओढायची, एवढंच काम. रेघ चुकली तर पत्रा वाया जातो, म्हणून मी कुठलीही गोष्ट दोनदा मोजतो. हे पत्रही दोनदा लिहिलं आहे. फोन केला नाही, कारण रागात माझी जीभ अडते.

तुम्ही अजमानला श्री. डेव्हिड यांच्या स्टुडिओत अल्बम करत आहात असं कळलं. पत्राची एक प्रत त्यांनाही देत आहे. ते वसईचे असल्यामुळे त्यांना आमच्या गावाकडची जाखडी माहीत नसेल, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. आमच्या गावात वरची वाडी शक्तीवाली, म्हणजे देवीची बाजू गाणारी, आणि खालची तुरेवाली, शिवाची बाजू गाणारी. समोरासमोर उभं राहायचं, एका शाहिराने सवाल टाकायचा, दुसऱ्याने जवाब द्यायचा. देवावरून सुरू होतं आणि एकमेकांच्या घरादारावर येतं. शिव्याही गाण्यातच द्यायच्या असतात. त्याला सामना म्हणतात. वरच्या वाडीचे शाहीर तुम्ही, खालच्या वाडीचे माझे वडील.

२००१ साली गौरीजेवणाच्या दिवशी दुपारी, देवळापुढच्या सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर, तुम्ही हे गायलात:

दोन तोंडांची ढोलकी, एक माझं एक तुझं,
एक जरी फाटलं, गड्या, दुसरं राहतं मुकं.

आणि त्याच्यामागून हा टोमणा:

खालच्या वाडीच्या बाबाजीची बसली दातखीळ,
सुंभ गेला जळून, आता दाखव की रे पीळ.

माझ्या वडिलांनी जवाब दिला नाही. ढोलकी खाली ठेवली आणि घरी आले. पुढे तीन वर्षं जगले, कावीळ होऊन गेले. त्या तीन वर्षांत त्यांनी ढोलकीला हात लावला नाही. हे मला आईने सांगितलं, गावाने तर रोज सांगितलं.

आता हेच गाणं अल्बमचं पहिलं गाणं आहे आणि अल्बमचं नावही ‘दोन तोंडांची ढोलकी’. त्याचा तुकडा मोबाईलवर फिरतो आहे. आमच्या कॅम्पमध्ये गावाकडची अकरा मुलं आहेत. माझी जीभ अडते हे त्यांना माहीत आहेच. आता मला तन्मय कोणी म्हणत नाही. जेवायच्या रांगेत ‘दातखीळ, यल्ला, पुढे सरक’ असं म्हणतात.

माझी मागणी एकच आहे. टोमण्याच्या त्या दोन ओळी काढा. सामना एका दुपारी संपतो. अल्बम संपत नाही. माझ्या बापाला तुम्ही कायमचा मुका करून ठेवू नका.

गावातली सगळी मुलं तुम्हाला काका म्हणतात. मी म्हणणार नाही.

तन्मय बाबाजी गोताड


अजमान
१९ जानेवारी २०२५

बाबाजीच्या पोरा,

पत्र मिळालं. तुमच्याकडून इकडे गाडी घेऊन येणाऱ्या अबरार ड्रायव्हरने स्वतः मेसच्या खिडकीतून आत दिलं. मी तेव्हा शंभर माणसांच्या भाजीला फोडणी देत होतो. म्हटलं, कोर्टाचं समन्स आलं की काय. उघडलं तर अर्ज.

ओळी निघणार नाहीत. मी सदुसष्ट वर्षांचा आहे. बावीस वर्षं इथे कालवण ढवळतो आणि सुटीच्या दिवशी कॅम्पाकॅम्पांतून गातो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यापुढे चांगला माईक धरला आहे. त्याच्यापुढे मी कातरलेलं गाणं गाऊ? पुरणपोळीतून पुरण काढून दे म्हणण्यासारखं आहे हे.

तुझा बाप मुका झाला हे खोटं आहे का? झाला. तीनशे माणसांनी बघितलं. मग मी गायलो तर तुला का झोंबतं?

सामन्यात टाळी जवाबाला पडते, अर्जाला नाही. खालच्या वाडीकडे जवाब असेल तर आण. चोवीस वर्षांत एकानेही आणला नाही. तुझे चुलते माझ्या वाटेवर आले की दुसऱ्या पाणंदीने जायचे. तू निदान लिहितोस तरी.

आणि एक सांग. तू कागदावर आधी आडवी ओळ ओढतोस, मग तिच्याखाली अक्षरं टांगतोस. हल्लीची पोरं अक्षर काढून वर ओळ मारतात, नाहीतर मारतच नाहीत. तुला हे कोणी शिकवलं?

भिकाजी

(तन्मय, मी डेव्हिड. शाहीरबाबांचा हात थरथरतो, म्हणून ते सांगतात आणि मी लिहितो. शुद्धलेखनाच्या चुका माझ्या, शिव्या त्यांच्या. दोन मी गाळल्या आहेत. स्टुडिओ म्हणजे माझ्या फ्लॅटमधली एक खोली, भिंतींना जाड रजया लावलेली. एसी चालू असला की घरघर रेकॉर्ड होते, म्हणून बंद करून दहा-दहा मिनिटं गातात आणि घामाने भिजून बाहेर येतात. या वयात. तेवढं लक्षात ठेव.)


मुसफ्फा
२६ जानेवारी २०२५

श्री. भिकाजी भुवड यांस,

श्री. डेव्हिड यांनी गाळलेल्या शिव्या पुढच्या वेळी गाळू नयेत. मला पूर्ण पत्र हवं.

तुम्ही विचारलंत ते आधी. ओळ आधी ओढून अक्षरं टांगायला मला माझ्या वडिलांनी शिकवलं. ते गेले तेव्हा मी चार वर्षांचा होतो, पण त्यांची गाण्यांची वही घरी होती. आई मला वही पुढ्यात देऊन बसवायची आणि म्हणायची, वहीसारखं काढ. शाळा नववीत सुटली, अक्षर सुटलं नाही. आमच्या शॉपमध्ये पत्र्यावर नंबर घालायचे असले की फोरमन मलाच बोलावतो. वडिलांकडून मला दुसरं काही मिळालं नाही. जे मिळालं ते रोज वापरतो. तुमच्यासारख्याने त्याची चौकशी करावी याचं नवल वाटतं.

आता जवाबाचं. आमच्याकडे जवाब नाही असं तुम्ही चोवीस वर्षं समजत आहात. वही माझ्याजवळ इथे ट्रंकेत आहे. प्रत्येक पानाला आकडा घातलेला आहे. सत्तेचाळिसाव्या पानावर तुमच्या ढोलकीला जवाब आहे, पूर्ण, माझ्या वडिलांच्या हातचा. त्यांना येत नव्हता म्हणून ते गप्प राहिले नाहीत. तो जवाब गायला असता तर तुम्हाला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती, म्हणून त्यांनी गिळला. सभ्य माणसाचं गप्प राहणं तुम्ही दातखीळ म्हणून विकायला काढलंत.

तो जवाब तुम्हाला मिळणार नाही. टोमणा काढला नाहीत तर मी इथल्या मराठी मंडळाला लिहीन आणि ज्या ज्या ठिकाणी तुमचं गाणं चढेल तिथे तिथे तक्रार करीन. मला घाई नसते. मी दर आठवड्याला एक लिहीन.

काल आईचा फोन आला होता. वाण्याच्या दुकानात कुणीतरी मोबाईलवर तो तुकडा लावला. ती सामान न घेता परत आली.

तन्मय बाबाजी गोताड


अजमान
९ फेब्रुवारी २०२५

बाबाजीच्या पोरा,

सत्तेचाळिसावं पान म्हणालास. पुन्हा म्हण. अबरारला मी विचारलं, पोरगा खोटं बोलणारा आहे का? तो म्हणाला, चाचा, तो पोरगा टायर पंक्चर झाला तरी तारीख-वेळ लिहून ठेवतो, त्याला खोटं झेपायचं नाही.

ठीक. आता माझी अट ऐक. ते पान पाठव. नक्कल नको, फोटो नको, पान. मी ते डेव्हिडच्या माईकपुढे माझ्या तोंडाने गाईन. माझ्याच टोमण्याच्या मागे, माझ्याच अल्बममध्ये, माझी अब्रू काढणारा जवाब मीच गाईन. आहे असा शाहीर तुमच्या खालच्या वाडीत?

डेव्हिडला सांगून मी टोमण्यानंतर जागा सोडली आहे. नुसती ढोलकी वाजते. डेव्हिड म्हणतो, बाबा, इथे गाणं तुटल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, तुटलेलंच आहे.

पान नसेल तर तसं लिही, आणि तक्रारी करत बस. ज्याला जवाब येत नाही तो तक्रार करतो. सासुरवाशिणीचं आणि हरलेल्या शाहिराचं गाऱ्हाणं कधी संपत नसतं.

आईला वाण्याच्या दुकानातून परत यावं लागलं ते

(डेव्हिड: इथे ते थांबले. म्हणाले खलास, पुढचं लिहू नको. काहीच गाळायचं नाही असं तू म्हणालास म्हणून अर्धं वाक्यही पाठवतो. या पत्रात दोन शिव्या कमी होत्या. तब्येत बरी नसावी.)


मुसफ्फा
२३ फेब्रुवारी २०२५

श्री. भिकाजी भुवड यांस,

सोबत मूळ पान. वहीतून ब्लेडने कापलं आहे, फाडलेलं नाही. कडेला आकडा आहे तो तपासावा. मिळाल्याची पोच अबरारच्या हाती लेखी द्यावी.

तुम्हाला वाचताना त्रास होऊ नये म्हणून ओळी इथेही उतरवतो:

दोन तोंडं ढोलकीला, तुलाही तितकी दोन,
एक म्हणतं भाऊ माझा, दुसरं म्हणतं कोण?

हा माझ्या वडिलांचा जवाब. तुम्ही शब्द दिला आहे. आता गा.

आमच्या कॅम्पमधल्या मुलांना मी या ओळी आज जेवताना वाचून दाखवल्या. जीभ दोनदा अडली, पण कोणी हसलं नाही. दगडू म्हणून एक आहे, तोच मला पहिल्यांदा दातखीळ म्हणाला होता. तो म्हणाला, तुझ्या बापाने हे तेव्हा गायलं असतं तर भिकाजीला दुबई नाही, आफ्रिका गाठावी लागली असती.

तन्मय बाबाजी गोताड


अजमान
५ एप्रिल २०२५

तन्मय,

सोबतचं पाकीट शाहीरबाबांचं आहे. या वेळी त्यांनी मला हात लावू दिला नाही. रमजानभर अबरारच्या फेऱ्या कमी होत्या, त्यामुळे उशीर झाला असं त्यांनी तुला सांगायला सांगितलं आहे. ते खरं नाही. पाकीट तयार व्हायलाच महिना लागला.

तू पाठवलेलं पान त्यांनी माझ्या स्टुडिओतच उघडलं. वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. मग कागद दिव्यासमोर धरून बराच वेळ नुसती अक्षरं बघत बसले. मी विचारलं, जवाब चांगला आहे का? ते म्हणाले, एसी बंद कर. आणि एका दमात गायले. बाकीच्या गाण्यांना आठ-आठ टेक लागले होते.

डेव्हिड


अजमान
मार्च ते एप्रिल

तन्मय बाबाजी गोताड, शाहीर, खालची वाडी,

हात थरथरतो. रोज दोन-चार ओळी होतात. डेव्हिडला सांगता येण्यासारखं हे नव्हतं.

तू पाठवलेलं पान खोटं आहे. तुझ्या बापाने ते लिहिलेलं नाही. मला कसं कळलं ते सांगतो, आणि ते कळल्यावर तुला माझ्यावर थुंकायचं असेल तर अजमानला ये. पत्ता तुला माहीत आहे.

तुझ्या बापाला लिहिता येत नव्हतं. तो शाळेत गेला नाही. गाणं त्याच्या डोक्यात शेतात काम करताना यायचं आणि दुसऱ्या दिवशी निसटायचं. त्याच्या वाडीत धड लिहिणारा कोणी नव्हता, आणि होता त्याच्यावर त्याचा भरवसा नव्हता. मी चौथीपर्यंत जुन्या गुरुजींच्या हाताखाली शिकलो. ते पाटीवर आधी ओळ ओढायला लावायचे. अक्षर ओळीला टांगायचं, ओळ अक्षराला नाही, असं म्हणायचे. म्हणून बाबाजी माझ्याकडे यायचा. माझ्या मागच्या पडवीत बसायचा आणि मला, आपल्या वैऱ्याला, आपली गाणी सांगायचा. मी लिहायचो. मग वाचून दाखवायचो आणि तो पाठ करायचा. गावाला पत्ता नव्हता. सहाणेवर आम्ही एकमेकांची आई-बहीण काढायचो आणि आदल्या दिवशी मीच त्याच्या शिव्या लिहून दिलेल्या असायच्या. अकरा वर्षं हे चाललं. अकरा वर्षांत त्याचा एक शब्द मी त्याच्याआधी तोंडातून काढला नाही. पटत नसेल तर नको पटू दे.

ती वही बाबाजीची. अक्षर माझं. तू लहानपणापासून जे गिरवलंस ते माझं अक्षर आहे. पहिलं पत्र आलं तेव्हा मला वाटलं मीच वीस वर्षांपूर्वी लिहिलेलं काहीतरी परत आलं. म्हणून विचारलं, कोणी शिकवलं.

आता गौरीजेवणाचा दिवस. त्या सकाळी बाबाजी आला आणि त्याने मला ढोलकीच्या ओळी सांगितल्या. दोन तोंडांची ढोलकी, एक माझं एक तुझं. मी लिहिताना हात थांबवला. म्हटलं, बाबाजी, ही शेवटी गा, ही कुणाला परतवता येणार नाही. तो हसला. म्हणाला, तुलाच उद्देशून आहे रे, भांडणं पुरे झाली असं म्हणायचंय. सत्तेचाळिसाव्या पानावर मी ते लिहिलं.

त्या वर्षी माझ्याकडे काही नव्हतं. मागचे तीन सामने मी हरलो होतो. वरच्या वाडीने ठरवलं होतं की आज हरला तर पुढल्या वर्षीपासून भिकाजीला उभा करायचा नाही. दुपारी सहाणेवर उभा राहिलो, डोकं रिकामं, आणि तोंड उघडलं तर बाबाजीच्या ओळी बाहेर आल्या. आधी ठरवलं नव्हतं. पण लोक उठून उभे राहिले तेव्हा थांबलोही नाही. बाबाजी माझ्याकडे बघत होता. त्याने त्या दिवशीची आपली सगळी बारी, सगळं गाणं, त्या दोन ओळींवर बांधलं होतं, हातात दुसरं काही उरलं नव्हतं. त्याला एक वाक्य बोलता आलं असतं, की या ओळी माझ्या आहेत. पण मग सांगावं लागलं असतं की तो वैऱ्याकडून लिहून घेतो. त्याच्या वाडीने त्याला जिवंत सोडला नसता. मला हे माहीत होतं. माहीत असूनच पुढचा टोमणा जोडला. दातखिळीचा. तो मात्र माझा स्वतःचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात आला. वहीतून ते पान फाडलं, उंबऱ्यावर ठेवलं, वही घेऊन गेला. बोलला नाही. मेला तोपर्यंत बोलला नाही.

ते पान सोबत आहे, तू पाठवलेलंही परत पाठवतो. दोन्ही शेजारी ठेवून बघ. खरं कोणतं आणि खोटं कोणतं ते अक्षरावरून तुला सांगता यायचं नाही.

म्हणजे तुझा जवाब तू रचलास. बापाच्या नावाने खोटं पान केलंस आणि त्यात, तुला काही ठाऊक नसताना, बरोबर तेच लिहिलंस. एक म्हणतं भाऊ माझा, दुसरं म्हणतं कोण. मी चोर, तू खोटारडा. सामना बरोबरीचा आहे.

तरी नियम सांगतो. ज्या जवाबाला पुढे जवाब सुचत नाही त्याच्यासाठी शाहिराने आपला शेला उतरवून समोरच्या ढोलकीला बांधायचा. मला सुचत नाही. महिनाभर बघितलं. शेला अबरारकडे दिला आहे. माफी मागत नाही. सामन्यात माफी नसते, हार असते.

अल्बमवर असं छापायला सांगितलं आहे: ढोलकीच्या ओळी बाबाजी गोताड यांच्या, भिकाजी भुवड याने चोरलेल्या. टोमणा भिकाजीचा. जवाब तन्मय बाबाजी गोताड यांचा. डेव्हिड म्हणाला, बाबा, चोरलेल्या असं कोणी छापतं का? मी म्हटलं, तू छाप.

टोमणा काढायचा असेल तर अजून काढता येईल. सांग.

भिकाजी


मुसफ्फा
२० एप्रिल २०२५

शाहीर भिकाजी यांस,

अबरारने पाकीट हातात दिलं तेव्हा मला वाटलं मीच पाठवलेलं पत्र पत्ता चुकून परत आलं. वर माझं नाव माझ्याच अक्षरात होतं, फक्त थरथरलेलं.

पान खोटं होतं हे कबूल. वहीत सत्तेचाळिसावं पान पहिल्यापासून फाटलेलं होतं, आणि शेवटी दोन कोरी पानं होती, त्यातलं एक कापून त्यावर तो आकडा घातला. ओळी जमायला तीन रविवार लागले. अबरारने माझ्याबद्दल जे सांगितलं ते यापुढे सांगू नये, असं मी त्याला सांगितलं आहे. तो म्हणाला, मी टपालवाला नाही आणि काझीही नाही, तुम्हा दोघांची कागदं नेतो एवढंच.

मी आईला फोन केला. विचारलं, बाबांना लिहिता येत होतं का? ती म्हणाली, सही येत होती, तीसुद्धा भिकाजीनेच शिकवलेली. मी विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, “तू विचारलंस कधी? बाबांची वही म्हणायचास, मी हो म्हणायचे. वही त्यांचीच होती.” वैऱ्याचं अक्षर मला का गिरवायला लावलंस, असं विचारताना माझी जीभ अडली. तिने वाट बघितली. मग म्हणाली, घरात दुसरं अक्षर नव्हतं.

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. गावाने दातखीळ म्हटलेलं तिने चोवीस वर्षं ऐकून घेतलं, कारण बाबांनी तिला बोलू नको म्हणून सांगितलं होतं. ते उंबऱ्यावर बोलले नाहीत असं तुम्ही लिहिता. घरी आल्यावर मात्र बोलले होते, हे तुम्हाला माहीत असावं. आईला म्हणाले होते, भिकाजीचं नाव घेऊ नको, पोरगा मोठा होऊन त्याच्यावर काठी घेऊन जाईल. तुम्ही त्यांचं गाणं चोरलंत, आणि त्यांनी तुम्हाला काठीपासून वाचवलं. हे तुम्हाला झेपत असेल तर झेपवा.

मी क्षमा करत नाही. शॉपमध्ये रेघ चुकली तर पत्रा भंगारात जातो, त्यावर दुसरी रेघ ओढून भागत नाही.

हे पत्र मी दुसऱ्या अक्षरात लिहायला बसलो होतो. आधी अक्षरं, मग वर ओळ. चार कागद फाडले. अक्षरं पडतात. मला हात एकच आहे आणि तो तुमचा निघाला. इतके दिवस पत्र्यावर आकडे घालताना मला वाटायचं, बाबा शेजारी उभे आहेत. आता कोण उभं असतं ते मला कळत नाही. याची भरपाई अल्बमवर काही छापून होत नाही.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. टोमणा काढू नका. बापाचं नाव राहू दे. त्याच्यामागे आता जवाब आहे, आणि तो ऐकायचा तर लोकांना आधी टोमणा ऐकावाच लागेल. ‘चोरलेल्या’ हा शब्द बारीक टायपात छापू नये. वरच्या ओळीएवढाच असावा. छापण्याआधी मला तपासायला पाठवावं.

शेला पिशवीतून बाहेर काढलेला नाही. पुढच्या महिन्यात समाधान म्हणून आमच्यातला एक गावी जात आहे, त्याच्याबरोबर आईकडे पाठवतो. बाबांच्या ढोलकीला बांधायचा की चुलीजवळ पोतेरं करायचं ते ती ठरवील.

सामना बरोबरीचा आहे असं तुम्ही लिहिलंत. ते मला मान्य नाही. चोवीस वर्षांनी मी जवाब दिला. सवाल टाकायची पाळी आता खालच्या वाडीची आहे.

बाप म्हणून गिरवलं ते अक्षर वैऱ्याचं निघालं,
सांग शाहीरा, कुणाचं मूल कुणाच्या ओळीला टांगलं?

अबरार दर शुक्रवारी अजमानला येतो. जवाब असेल तर त्याच्याकडे द्या, स्वतःच्या हाताने लिहून. अर्ज नको.

तन्मय बाबाजी गोताड
शाहीर, खालची वाडी